वाचक क्रमांक सतरा

एका ग्रंथालयाचे पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयात पोचवायला १९८६ साली आमच्याकडे दोनच गोष्टी लागत: पत्र्याची एक पेटी आणि ओळखीचा एसटी कंडक्टर. हिरण्यकेशीच्या काठच्या आमच्या गावातून सकाळी साडेसातच्या कोल्हापूर गाडीत पेटी चढायची, जिल्ह्याच्या मोठ्या ग्रंथालयात उतरायची आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्या वाचकांनी मागितलेली पुस्तके घेऊन परत यायची. कधी ती चुकून आजऱ्याच्या गाडीत बसायची. मग तिकडून निरोप यायचा, "पुस्तकं सुखरूप आहेत, दोन वाचून झाली की पाठवतो."

वाचनालयात नोकरी करत छत्तीस वर्षे मी ही देवाणघेवाण पाहिली. म्हणूनच बहुधा २०४७ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, मला राष्ट्रीय समितीवर बोलावणे आले. ग्रंथालयांनी एकमेकांना पुस्तके कशी उसनी द्यावीत याचे देशभर एकच नियम असावेत, यासाठी ती समिती होती. योजना मोठी सुरेख होती. देशातल्या कुठल्याही खेड्यातल्या वाचकाने आपल्या वाचनालयात जाऊन कुठल्याही ग्रंथालयातले कुठलेही पुस्तक मागायचे आणि ते चार दिवसांत त्याच्या हातात पडायचे. गाड्या ठरल्या, खोकी ठरली, सूची तयार झाली. घोडे अडले ते एकाच ठिकाणी. पुस्तक फाटून परत आले तर फाडले कुणी?

हा प्रश्न लहान नाही. पाककृतींच्या एका पुस्तकावर पडलेल्या हळदीच्या डागावरून आमचे वाचनालय आणि शेजारच्या तालुक्याचे वाचनालय अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. डाग आमचा, असे ते म्हणत. तुमचाच, असे आम्ही म्हणत असू. पुस्तक होते जिल्ह्याचे, आणि जिल्ह्याला तो डाग दिसलाही नव्हता.

या प्रश्नावर समितीकडे एक यंत्र होते, आणि ते बनवले होते आमच्या नूरने.

डॉ. नूरजहाँ बागवान. आमच्या बाजारपेठेत तिच्या घरच्यांचा फळांचा गाडा होता. तिची आई जैतूनबी गाड्यावर बसायची आणि ही पोर मागच्या पायरीवर बसून अभ्यास करायची. आज ती अठ्ठावन्न वर्षांची आहे, देशात नाव आहे तिचे. मला मात्र अजून मावशीच म्हणते. समितीवर माझे नाव तिनेच सुचवले होते.

तिच्या यंत्राला स्पर्शदर्शी म्हणत. तिने मला ते समजावले ते असे. माणसाच्या कातडीतून एक तेलकट पदार्थ सतत पाझरत असतो. बोट कागदाला टेकले की त्याचा अंश तिथे राहतो. हवेने तो हळूहळू बदलत जातो, कापलेले सफरचंद तांबूस होते तसा; फक्त हा बदल बंद पुस्तकात पन्नास-साठ वर्षे चालतो. बदल किती झाला ते मोजले की बोट कधी टेकले ते कळते. तेल किती आहे त्यावरून कळते की ते किती वेळ टेकले. शिवाय त्या तेलातल्या घटकांचे प्रमाण प्रत्येकाचे निराळे असते, आणि थोडे आईबापांकडून आलेले असते.

पुस्तक उघडावेही लागत नाही. उष्णतेचे किरण आणि रेडिओच्या लहरी यांच्या मधल्या काही लहरी बंद पुस्तकात शिरतात. दोन पानांमध्ये हवेचा पातळ थर असतो, त्यामुळे यंत्राला प्रत्येक पान वेगळे दिसते. भाकरीचा डबा न उघडता आत किती भाकऱ्या आहेत आणि कुठली करपली आहे ते सांगावे, तसे.

मसुद्यातले नववे कलम या यंत्राचे होते. प्रत्येक पुस्तक निघताना आणि परतताना स्पर्शदर्शीखाली जाईल, आणि मिळालेली सगळी माहिती राष्ट्रीय संग्रहात कायमची ठेवली जाईल. पहिल्या दोन बैठकांत मीही मान डोलावली. हळदीच्या डागाचा निकाल लागेल, एवढेच मला दिसत होते.

शेवटची बैठक नागपूरला होती. मतदानाच्या आधी यंत्राची जाहीर चाचणी व्हायची होती आणि प्रत्येक सभासदाने आपल्याकडचे सर्वांत जास्त फिरलेले पुस्तक आणायचे होते. मी लगेच ओळखले, आपले कुठले ते.

शिक्षकांसाठी लिहिलेले बीजगणिताचे ते जाडजूड पुस्तक होते. मूळचे जिल्ह्याचे. बाजारात मिळत नव्हते. त्या काळी बाहेरचे पुस्तक एकच महिना ठेवता येई, म्हणून दर महिन्याला ते पेटीतून कोल्हापूरला जाई आणि नवी मागणी लावून परत येई. असे जवळजवळ चार वर्षे चालले. तारखेची चिठ्ठी भरली की तिला दुसरी डकवायची, मग तिसरी. शेवटी जिल्ह्यानेच ते आम्हाला देऊन टाकले. सोबत चिठ्ठी होती, "हे आमच्यापेक्षा तुमच्याकडेच जास्त राहिले आहे."

त्या शिक्क्यांचा मला अभिमान होता. अभिमानात माणूस आंधळा होतो. शिक्क्यांपुढे वाचकाच्या रकान्यात जो आकडा होता, तो मी पाहिला आणि तरी पाहिला नाही. सात. पुन्हा सात. चाळीस वेळा सात.

सात हा आमच्या ग्रंथपाल द्वारकाबाई हुक्केरी यांचा स्वतःचा सभासद क्रमांक. दर रविवारी वाचनालयाच्या कारभारी मंडळींपैकी दोघे-तिघे येऊन देवघेवीची वही चाळत बसत. "काय हो, पाटलांची धाकटी सून कायद्याची पुस्तकं नेतीया! सांभाळा म्हणावं." संध्याकाळपर्यंत ते सुनेच्या सासऱ्याच्या कानावर जाई आणि सोमवारी पुस्तक परत येई, न वाचता. हुक्केरीबाईंनी त्यावर कुणाशी भांडण केले नाही. त्यांनी बायकांची पुस्तके, आणि ज्या पुरुषांना गरज असे त्यांचीही, आपल्या नावावर लिहायला सुरुवात केली. वहीत बाई महिन्याला साठ पुस्तके वाचत. कारभारी म्हणत, बाईंना दुसरा उद्योग नाही.

लग्न होऊन या गावात आले तेव्हा मीही सातावरच वाचले. भाजीच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. ग्रंथालयाची परीक्षा मी दिली हे घरी निकाल लागल्यावर कळले. नोकरी लागली, हाती स्वतःचा पगार आला, पुढचे सगळे आयुष्य घडले ते त्या बाईंमुळे. कामावर घेताना त्यांनी एकच अट घातली होती. "शालन, सातावर कोण काय वाचतंय ते तुला दिसंल. दिसलं तरी बघायचं न्हाई."

आणि मी ते पुस्तक उचलून नागपूरला नेले. गणितात कुणाचे काय गुपित असणार, असे वाटले.

अकरा वाजता चाचणी सुरू झाली. समितीचे अध्यक्ष अच्युत प्रभुदेसाई, निवृत्त न्यायाधीश, माणूस सज्जन आणि हौशी. नूरने सकाळच्या रिवाजाप्रमाणे आपले बोट एका कोऱ्या पट्टीवर टेकले. यंत्र जुळवून घ्यायला तो तिचा मानक नमुना. मग माझे पुस्तक आत सरकवले. साखर घातलेला चहा ढवळून होईपर्यंत पडद्यावर यादी आली. एकोणचाळीस वाचक.

"शालनताई, लोकप्रिय दिसतंय तुमचं बीजगणित!" प्रभुदेसाई चष्मा पुसत पुढे सरकले. "हे काय? वाचक बावीस. पुरुष, दोन हजार तीन. घामात क्षयरोगावरच्या औषधाचे अंश. हेसुद्धा दिसतं, डॉक्टर?"

"दिसतं, सर. त्या औषधानं घाम तांबूस होतो. कागद ते धरून ठेवतो."

"अहो, मग आरोग्यखात्यालासुद्धा उपयोग!"

मी चहा बाजूला ठेवला. बावीस कोण ते मला क्षणात कळले होते. कॉलर नेहमी तांबूस पडलेले एक शाळामास्तर. दुखणे कळले तर नोकरी जाईल म्हणून त्यांनी ते बायकोलासुद्धा सांगितले नव्हते; एकदा हुक्केरीबाईंकडे बोलले होते तेवढेच.

"आणि हा सतरा बघा," कुणीतरी म्हणाले. "फक्त चौथं ते अकरावं प्रकरण. पण एकेका पानावर किती वेळ! दोन हजार एक ते पाच. पुढं काय लिहिलंय?"

पडद्यावर लिहिले होते: मानक नमुन्याशी अतिनिकट नाते. आई, मुलगी किंवा सख्खी बहीण.

सभागृहात हशा पिकला. "डॉक्टर, चोरी पकडली! तुम्हीच वाचलंत!"

नूर हसली नाही. "मी या पुस्तकाला आज पहिल्यांदा हात लावला," ती म्हणाली, आणि मान वळवून थेट माझ्याकडे पाहिले.

प्रभुदेसाईंनी जेवणाची सुट्टी जाहीर केली. मतदान तीन वाजता.

हिरवळीवरच्या बाकावर मी डबा उघडला. नूर शेजारी येऊन बसली.

"मावशी, मला बहीण नाही."

"माहीत आहे की."

"अम्मीला वाचता येत नव्हतं. रेशनच्या वहीत ती अंगठा उठवायची. तिच्या अंगठ्याची शाई मी पुसलीय."

मी पोळीचे तुकडे करत राहिले.

"बोला ना. तुम्हाला काही लपवायचं असलं की तुम्ही नाक खाजवता. मघापासून खाजवताय."

हुक्केरीबाईंना जाऊन वीस वर्षे झाली होती, जैतूनबीला त्याहून जास्त. दोघींना दिलेला शब्द माझ्यापाशी होता आणि तो मीच, माझ्याच मूर्खपणाने, पडद्यावर मांडला होता. अर्धे सत्य पोरीच्या हातात देऊन गप्प बसणे मला जमले नाही.

"चौथी शिकलेली होती तुझी आई," मी म्हटले. "लग्नानंतर कुणीतरी म्हणालं, अंगठा चालतोय. मग अंगठाच राहिला. तू सातवीत गेलीस तेव्हा बाईंकडं आली. म्हणाली, पोरगी आता माझ्या पुढं गेली, मला तिच्यापत्तुर पोचवा. दुपारी एक ते तीन वाचनालय बंद असायचं. बाई तिला मागच्या खोलीत शिकवायच्या. तू जो धडा शिकणार तो ती आठ दिवस आधी शिकायची."



"मी पायरीवर गणितं सोडवायचे," नूर म्हणाली. "ती चिकू निवडत बसलेली असायची. मध्येच वाकून म्हणायची, 'नूर, ह्ये अधिकाचं उणं कसं झालं गं? मला काय उमजंना झालंय.' मी चिडायचे. समजावून सांगायला जायचे आणि तिथंच माझी चूक सापडायची. दर वेळी, मावशी. बरोबर चुकलेल्या ओळीवरच तिला उमजायचं नाही." ती थांबली. "मी भाषणांत सांगितलंय हो. माझी आई अडाणी, तिला समजावता समजावता मी शिकले. टाळ्या घेतल्यात त्यावर."

"घेऊ दे की. तिला तेच पाहिजे होतं. बाईंना म्हणाली होती, 'पोरीला कळू देऊ नगा. तिचं तिला आलंय, असंच ऱ्हाऊ दे.'"

नूरने ओढणीने डोळे पुसले, मग हसली, मग पुन्हा पुसले. "बघा म्हणजे. हे यंत्र नसतं तर मी मरेपर्यंत मला कळलं नसतं."

 त्या घटकेला मलाच त्या यंत्राच्या पाया पडावेसे वाटत होते. चार वर्षे एका बाईने पानावर बोट ठेवून काढली, आणि ते बोट लेकीला दिसले. यापरते देणे कुठले? पण मघाचा बावीस डोळ्यापुढून हलत नव्हता.

"नूर, बावीस कोण तेही मला माहीत आहे. सांगू?"

ती चटकन माझ्याकडे वळली. "जिवंत आहेत?"

"नाहीत. मुलगा आहे. तू ओळखतेस त्याला."

तिने तोंड उघडले आणि मिटले. 

"नका सांगू," ती म्हणाली. "सांगितलंत तर तो भेटला की मला तेच आठवेल."

"मग?"

"यंत्रात दोन लहरी आहेत. एक तेल बघते, दुसरी कागदाचे धागे. फाटलं, भिजलं, बुरशी आली, हे धाग्यांवरून कळतं. तेलाची लहर काढून टाकता येईल. पुस्तकाला काय झालं ते कळेल, कुणी वाचलं ते नाही."

"मग काढ की."

"बारा वर्षं घालवलीत तिच्यावर, मावशी. सगळे नावाजतात ते तिच्यासाठी. धाग्यांचं यंत्र कुणीही करेल." ती हळू आवाजात पुढे म्हणाली, "आणि तसा नियम झाला तर चाचणीतलं सगळं आजच पुसावं लागेल. सतरासुद्धा."

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आईचे बोट सापडून तासही झाला नव्हता आणि मी तिला म्हणत होते, पूस.

"सतरा ठेव," मी घाईने म्हटले. "तेवढ्यापुरतं मी समितीला सांगते. ऐंशी वर्षांच्या म्हातारीला कोण नाही म्हणतंय?"

नूरने माझ्या डब्यातली लोणच्याची फोड उचलून तोंडात टाकली आणि उठून आत गेली.

तीन वाजता ती उभी राहिली आणि तेलाची लहर यंत्रातून काढावी, असा बदल तिनेच सुचवला. सभागृहात गलका झाला.

"डॉक्टर," प्रभुदेसाई म्हणाले, "स्वतःच्या यंत्राचे डोळे तुम्ही स्वतः फोडताय?"

"नाही, सर. कुठं बघायचं नाही ते त्याला शिकवतेय."

"पण मग फाडलं कुणी, हा प्रश्न राहिलाच. जबाबदारी कुणाची?"

आता माझी पाळी होती. काठी टेकून उभी राहिले. "आमच्याकडं एक बाई होत्या," मी म्हटले. "पुस्तक फाटलं तर जिल्हा त्यांना विचारायचा, आणि त्या म्हणायच्या, माझ्याकडून फाटलं. खळ करून स्वतः डकवायच्या, बांधायच्या, परत करायच्या. कुणाकडून फाटलं ते त्यांना माहीत असायचं. त्या माणसाला मग एकट्याला बाजूला घेऊन बोलायच्या. छत्तीस वर्षांत तेच माणूस दुसऱ्यांदा पुस्तक फाडताना मी पाहिलं नाही. नियम एवढाच करा. ग्रंथालयानं पुस्तक ग्रंथालयाला द्यायचं. वाचकाची हमी त्याच्या ग्रंथालयानं घ्यायची. कोण वाचतोय हे देणाऱ्यानं विचारायचं नाही."

प्रभुदेसाई खाली बघत पेन फिरवत राहिले. "माझी आई काय वाचायची ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "कळलं असतं तर आवडलं असतं."

"मला आज कळलं, सर," नूर म्हणाली. "फार आवडलं. माझ्या आईनं मात्र ते मला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. ती माझी आई होती म्हणून तिचं गुपित माझं होत नाही."

मतदान झाले. अकरा विरुद्ध चार. प्रभुदेसाईंचे मत अकरातले होते.

मी पुन्हा उठायला लागले, त्या एका अपवादासाठी. नूरने माझे मनगट दाबून धरले. "बसा, मावशी. एकाला आत घेतलं की मागं रांग लागते. बावीसच्या मुलालाही माझ्याइतकाच हक्क आहे, आणि मग सुनेवर पाळत ठेवणाऱ्या सासऱ्यालाही."

पुसण्याआधी तिने एकच पान पडद्यावर मागवले. सातवे प्रकरण, उणे गुणिले उणे. ओळींच्या समासात लहान लहान डाग होते, आणि एका ओळीखाली ते इतके दाट की ती ओळच काळी दिसत होती. नूरने पडद्यावर तिथे आपले बोट ठेवले. तेवढेच. मग दुसऱ्या हाताने तिने कळ दाबली आणि एकोणचाळीस माणसे आपापल्या घरी गेली.

संध्याकाळच्या विमानाला अवकाश होता. गाडीत ती माझ्या शेजारी बसली, शाळेतल्या पोरीसारखी पाय वर घेऊन. मला वाटत होते, ती रुसली असेल. त्या दिवसाइतकी मी कुणाची ऋणी कधी नव्हते, आणि ते कसे म्हणावे ते कळत नव्हते.

"आता सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं. ती कुठं बसायची, बाई तिला रागवायच्या का, तिला आधी काय जड गेलं. यंत्राला कुठं काय माहीत होतं? त्याला नुसती बोटं."

मी सांगू लागले. जैतूनबी मागच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसायची. उणे गुणिले उणे अधिक का, यावर ती बाईंशी तीन दिवस भांडली. म्हणाली, दोन सडके चिकू एकत्र ठेवले म्हणून चांगले होत नाहीत. बाई हसून हसून खोकायला लागल्या. वही घरी नेता येत नसे, म्हणून ती पाटीवर लिहायची आणि जाताना पदराने पुसायची. नूर ऐकत होती, मध्येच "पुढं?" म्हणत होती. गाडी विमानतळाच्या रस्त्याला लागली तेव्हा मी दहावीच्या निकालापर्यंत आले होते.

"त्या दिवशी दुपारची वेळ नव्हती," मी म्हटले. "चार वाजले होते. वाचनालय भरलेलं, कारभारी मंडळी पेपर वाचत बसलेली. तुझी आई कधी पुढच्या दारानं आली नव्हती. त्या दिवशी आली. ओच्यात रायवळ आंबे, धावत आल्यानं धाप लागलेली. सरळ टेबलापाशी गेली, आंबे बाईंच्या पुढ्यात ओतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, 'बाई, झालो आम्ही पास!'"